बंबात खोट न्हाई

ओ पावणं, हात न्हाई लावायचा! बघायचं, लांबून बघायचं, डोळं भरून बघायचं, पण हात मागं… अन् ती बिडी आदी इजवा! आदी बिडी, मग बंब! कावून म्हंजी? ती पाटी काय माझ्या हौसेखातर लावली का म्या? तहसिलीचा शिक्का हाय तिच्यावर, बंबापासनं तीस पावलाच्या आत इस्तू आणायचा न्हाई, न्हाई म्हंजी न्हाई! आता तुमी हसणार. हसा! सिरसाळ्याच्या बाजाराला जाणारा-येणारा ज्यो तो हितं थांबतो, बंब बघतो, कुणाकडनं तरी पाटी वाचून घेतो अन् पोट धरून हसतो, 'आरं तिच्या, आगीच्या बंबाला आगीचं भ्या? मग पाण्याच्या रहाटाला पाण्याचं भ्या असंल!' एकोणीस सालं, तुमाला सांगतो, एकोणीस सालं ह्या बंबाची हिफाजत करतोय मी, रामहरी म्हणत्यात मला, अन् पाटी वाचून हसला न्हाई असा माणूस अजून मला भेटायचाय. पण एक गोष्ट ध्यानात घ्या अन् मग काय हसायचं ते हसा. बंबात खोट न्हाई! खोट असंल तर माणसात असंल, पाण्यात असंल, आगीत बी असंल एक वेळ… पण बंबात? न्हाई!

बसा त्या वट्ट्यावर. त्या न्हाई, त्यो मारुतीचा हाय, ह्या अंगाच्या. तर हा काय आमच्या गावात उगवलेला न्हाई. इलायतेची जिनस हाय! मोमिनाबादला, म्हंजी सरकारी कागदावर मोमिनाबाद, आपलं अंबाजोगाईच की, तितं घोड्यांची पलटण होती तवा मी पागंत चारा टाकायला होतो. अन् पागंच्या कडंला हा उभा. तवाच म्हातारा होता, साहेबाच्या आज्याच्या वक्ताचा! ते बघा, मधी तांब्याचं पोट, वर दोन पितळी नळकांडी, दोन्ही अंगाला लांब दांडं. हिकडून चार गडी, तिकडून चार गडी, हे खाली दाबणार तर ते वर उचलणार, ते दाबणार तर हे उचलणार, अन् पोटात घागरीनं पाणी वतत ऱ्हायचं, की म्होरल्या कातडी नळीतनं धार सुटती ती पार माडीच्या वर! सोताच्या डोळ्यानं बघितलेलं सांगतो… म्हंजी धार मी न्हाई बघितली, पण ज्यानं बघितली त्याला मी बघितलंय.

मग पलटण उठली. घोडी गेली, तंबू गेलं, साहेब निघालं, अन् हा ऱ्हायला. एवढं धूड कोण नेणार? साहेब घोड्यावर बसता बसता मला म्हणला, 'रामहरी, ले जाव इसको. गाँव में आग लगे तो काम आयेगा. मगर हिफाजत से रखना.' कागद दिला, शिक्का मारला अन् गेला. आता बघा, साहेब दोन गोष्टी बोलला. आगीची बोलला अन् हिफाजतीची बोलला. आग काय, लागंल तवा लागंल, तिचा काय भरवसा? हिफाजत तर आजच सुरू करता येती का न्हाई? म्हणून म्या हिफाजत धरली!

दोन दिवस लागलं बैलांनी वढून आणायला. वाटंत ज्या गावातनं जावं तितं लोक येशीत गोळा. धर्मापुरीचा एक पावणा तर पायतान काढून पाया पडला, अन् खरं सांगतो, म्या त्याला अडवलं न्हाई. कावून अडवायचं? एवढं लखलखीत काम त्याच्या बापानं तरी बघितलं होतं का? गावात आणला, ह्या मारुतीच्या शेजारी वर छप्पर टाकलं, खाली फरशी बसवली, चाकं जमिनीला टेकू नयेत म्हणून दगडावर चढवली. दर सोमवारी पितळ चिंचंनं अन् राखंनं घासायचं. कातडी नळीला करडीचं तेल चोळायचं. साल-दोन सालांनी तांबडा रंग. थंडीत घोंगडं. आमची छबुबाई, म्हंजी माझी बायको, दारात उभी ऱ्हाऊन बघायची अन् म्हणायची, 'इतकं घासून पुसून मला ठिवलं असतं तर मी बी इलायतेची दिसले असते!' म्या म्हणायचो, 'तू हलतीस, बोलतीस, तुला गंज चढत न्हाई.' त्यावर ती जी बोलायची ते पावण्यांसमोर सांगण्यासारखं न्हाई.

अन् पाणी? पाण्याचा थेंब शिवू दिला न्हाई म्या त्याला! अहो, पाण्यानं लोखंडाला गंज चढतो, पितळ हिरवं पडतं, कातडं सडतं! पाण्याएवढा बंबाचा दुसरा दुश्मन न्हाई. एकोणीस पावसाळं गेलं, वरनं गळालं तर मी सोता छपरावर, पण बंबाच्या पोटात पाण्याचा एक थेंब न्हाई. निजामाच्या मुलखात असा कोरडा बंब दुसरा दावा मला!

आता विठ्ठलराव. गावातला बडा माणूस, सहा बैलांची शेती, कानापातुर मिशा. चार सालांमागं धुळवडीच्या दिशी होळीची ठिणगी उडाली अन् नेमकी ह्यांच्या कडब्याच्या गंजीवर बसली. ह्यो पळत आला, फेटा सुटलेला, 'रामहरी, बंब काढ! बंब काढ बे!' आता तुमीच सांगा मी काय करावं? म्या म्हणलं, 'विठ्ठलराव, कालच रंग दिलाय, ओला हाय, आजच्या दिवस दम धरा.'

'आरं मी दम धरीन, गंजी दम धरती का बे?'

'आठ गडी हात लावणार, सोळा पंजे उमटणार, अन् मग?'

म्या काय चुकीचं बोललो का? गंजी काय, सुगीला नवी रचता येती. रंग अंबाजोगाईहून आणावा लागतो! शेवटी बायाबापड्यांनी घागरी नेल्या अन् निम्मी गंजी वाचवली. निम्मी वाचली की! पण ह्या माणसानं गेली ती निम्मीच धरून ठिवली मनात. अन् तवापासनं सगळ्या गावाला सांगत सुटला की बंबात खोट हाय. आरं, बंब जाग्यावरनं हललाच न्हाई, तर खोट दिसली कुठनं तुला? बंबात खोट न्हाई!

मधीच तेलाचं सांगायला पायजे, न्हाईतर म्होरलं तुमाला कळायचं न्हाई. आमच्या गावात दगडाबाई म्हणून एक म्हातारी हाय. दर शनवारी मारुतीला तेल वाहणार, ऊन असू, पाऊस असू. एकदा काय झालं, मारुतीला तेल वाहून झालं अन् वाटीत पळीभर उरलं. वाहायला काढलेलं तेल परत घरात न्यायचं न्हाई, असा तिचा नेम. तर म्हातारीनं हिकडं बघितलं, तिकडं बघितलं, अन् सरळ बंबाच्या डोक्यावर वतलं! म्या म्हणलं, 'आजे, हे काय?' तर म्हणती कशी, 'लाल हाय, जड हाय, जागचं हलत न्हाई, कुणाचं ऐकत न्हाई. देव न्हाई तर काय हाय मग?'

अन् झालं असं की त्याच आठवड्यात तिची दोन सालं भाकड ऱ्हायलेली म्हैस गाभण ऱ्हायली! संपलं. म्होरल्या शनवारी बारा बाया. त्याच्या म्होरल्या शनवारी चाळीस. वाटी मारुतीला, पळी बंबाला. मला वाटलं आडवावं. मग वाटलं, कावून आडवायचं? तेलानं काय वाईट होतं? गंज लागत न्हाई, कातडं मऊ ऱ्हातं, अन् ते बी आयतं! म्याच मग पोटावरचं झाकण उघडून दिलं, 'बायांनो, वरनं वतून रंग खराब नका करू, हितं आत घाला.' नऊ सालं, तुमाला सांगतो, नऊ सालं दर शनवारी चाळीस पळ्या. आतनं असा काय तकाकला बंब… हात घातला की कोपरापातुर माणूस पैलवान!

तर त्या विठ्ठलरावानं तहसिलीत अर्जी टाकली. अर्जीत काय लिवलं म्हणता? लिवलं की, 'गावात बंब हाय, गावात आग बी लागती, पण दोगांची गाठ पडत न्हाई.' आली का न्हाई खोड अंगातली? तहसिलीतनं हुकूम आला. चैतात तहसीलदारसाहेब मुआयन्याला, म्हंजी तपासणीला, येणार. गावानं आग लावायची, बंबानं इजवायची, साहेबांनी बघायचं. इजली, तर बंब गावाचा, कायमचा. न्हाई इजली, तर तांबं-पितळ मोडून हैद्राबादला भट्टीत!

भट्टीत! हसायलात व्हय? तुमाला शेत असंल, जनावरं असतील, बापजाद्याचं नाव असंल. माझं काय हाय? दीड एकर मुरूम अन् एक छप्पर. गावात मला रामहरी म्हणून कोण वळखतं? बंबवाला म्हणून वळखत्यात! सोयरिकीला गेलो तर माझ्या आदी बंबाची खुशाली इचारत्यात. बंब भट्टीत गेल्यावर मी कोण? चारा टाकणारा. ते बी पागा न्हाई, घोडी न्हाई… दोन दिवस नुसता बंब पुसत बसलो मी. तिसऱ्या दिशी बंबाच्या पितळात माझंच थोबाड बघितलं अन् मनाला म्हणलं, आरं तू घाबरतोस कशाला? तुला ठावं हाय न्हवं? बंबात खोट न्हाई! इजवंल की! आजपातुर कधी इजवली न्हाई म्हणून काय इजवणार न्हाई?

मुआयन्याच्या आदल्या दिशी छबुबाई म्हणली, 'अवो, त्याच्या पोटात तेल हाय. उद्या आग इजवायचीय. ते काढा आदी.'

तसं ते मला बी वाटलं होतं, पण बायकोनं सांगितल्यावर लगेच कसं करायचं? म्या म्हणलं, 'तुला काय कळतं? गाडीच्या आसाला तेल, रहाटाला तेल, यंत्र तेलावरच चालतं.' ती गेल्यावर गुपचूप डबा घेऊन काढायला बसलो, तर म्होरं दगडाबाई! काठी टेकून उभी.

'काय करायलास रे?'

'आजे, तेल काढायलोय.'

'अन् टाकणार कुठं? मातीत? शनवारचं वाहिलेलं तेल पायदळी? वाहून झालेलं घरात बी नेता यायचं न्हाई, दिव्यात बी जाळता यायचं न्हाई. चाळीस बायांचे नवस हायेत त्यात! काढ, काढ तू. मग गावावर काय इघ्न आलं तर माझ्या दारात यायचं न्हाई!'

आता सांगा! मातीत टाकायचं न्हाई, घरात न्यायचं न्हाई, जाळायचं न्हाई. मग ते ऱ्हाणार कुठं? जितं हाय तितंच. म्या बसून डोकं चालवलं. अन् डोकं माझं चालतं, पावणं, पलटणीत घोडेसुद्धा मानायचे. म्या इचार केला, तेल पाण्यावर तरंगतं का न्हाई? तरंगतं. बंबाची नळी पोटाच्या तळातनं वढती का न्हाई? वढती. म्हंजी पाणी वतलं की पाणी खाली, तेल वर, नळी पाणी वढणार अन् तेल आपलं वरच्या वर निवांत तरंगत बसणार! तेलाचा अन् नळीचा संबंधच न्हाई! झाकण लावलं, पुसलं, अन् पोटभर जेवलो. हिशेब एकदम बरोबर होता. अन् तुमाला सांगतो, बरोबरच निघाला… जवर पाणी होतं तवर.

उजाडला दिवस. गावाबाहेरच्या माळावर शामियाना, त्याला लाल झालर, खाली खुर्ची, खुर्चीत तहसीलदारसाहेब, काळी शेरवानी, डोक्यावर रुमी टोपी, टोपीला काळा गोंडा. शेजारी पेशकार, कागद-दौत घेऊन. सगळं गाव जमलेलं, आजूबाजूच्या चार गावांचं बी. बंबाला झेंडूच्या माळा. साहेब उठून त्याच्याभवती फिरलं, बोटानं टिचकी मारून बघितली. 'क्या बात है! ये पुराना है? ये तो कल का बना हुआ दिखता!' मग नळकांड्यात बघून टोपी सारखी केली, मिशीवर हात फिरवला. आरशासारखं पितळ! माझी छाती अशी फुगली की बाराबंदीचा एक बंद तुटला.

मग आग. आग लावायचं काम विठ्ठलरावानं मागून घेतलं होतं. साधी लावावी का न्हाई माणसानं? ह्यानं तीन गाड्या कापसाच्या पळाट्या, दोन गाड्या तुराट्या, अन् वरनं ती जळकी निम्मी गंजी उरली होती ती! घराएवढा ढीग! 'इजीव आता,' म्हणला मिशीत हसत. पेटवला. ढग लागला धुराचा. म्या आवाज दिला, 'घाला पाणी!' अन् बाया घागरी वतायला लागल्या, अन् दर घागरीगणिक माझ्या काळजात चर्र… एकोणीस सालांचा कोरडा बंब हो! पण म्हणलं, आज त्याच्या जिवासाठीच चाललंय, सोसलं पायजे. आठ गडी दांड्याला लागलं. नळी माझ्या हातात. 'हां, हाणा!'

खुर्रर्र… खुर्रर्र… काय न्हाई. साहेब पेशकाराकडं बघायला लागलं, विठ्ठलराव गावाकडं बघायला लागला. 'हाणा रे!' खुर्रर्र… फस्स! अन् नळीच्या तोंडातनं चिमणीचं घरटं भायेर! गाव हसलं. 'हाणा म्हणलं!' अन् मग पावणं… मग आली! धार आली! काय धार… अशी जाडजूड, पांढरीफेक, ढिगाच्या डोक्यावरनं पल्याड जाणारी! आता मात्र सोताच्या डोळ्यानं बघितलेलं सांगतो! म्या नळी खाली केली, आग चुर्रर्र करत बसायला लागली. हा कोपरा बसला, त्यो कोपरा बसला. गाव वरडायला लागलं, बाया घागरी वतायचं सोडून टाळ्या वाजवायला लागल्या. विठ्ठलरावाच्या मिशा कानापासनं खाली आल्या. साहेब उठून उभं ऱ्हायलं, 'शाब्बास! बस, हो गया! पेशकार, लिखो, बंब गाँव का!'

पेशकारानं दौतीत टाक बुडवला. बुडवला, पावणं! शाई लागली होती टाकाला! आग म्हणाल तर निखारं उरलं होतं, नुसतं धुमसत होतं. म्या तितंच थांबलो असतो तर… आता तुमीच सांगा, तुमी थांबला असता? एकोणीस सालं लोकांनी टोमणं मारलं, बायकोनं मारलं, पोराटोरांनी मारलं, अन् आज सगळं गाव टाळ्या वाजवतंय, अन् मी थांबू? म्या म्हणलं, 'हुजूर, ह्यो तर नमुना हाय! अजून बघा तर खरं! हाणा रे आणखी दहा हात!'

गडी बी रंगात आलं होतं. डोळं मिटून, सुरात, 'हैय्या… हो! हैय्या… हो!' बाया टाळ्या वाजवायलात, घागर वतणार कोण? पोटातलं पाणी खाली, खाली, अन् त्याच्यासंगं वर तरंगणारं… आलं न्हवं ध्यानात? मला न्हाई आलं! मला एवढंच दिसलं की पांढऱ्या धारंला पिवळी झाक आली. मला वाटलं, पितळाचं तेज उतरलं असंल.

पडली निखाऱ्यावर. भक्क! अहो, मघाशी घराएवढी होती ती आता वाड्याएवढी! साहेब चार पावलं मागं. मी दचकलो. पण घाबरलो न्हाई हां! म्या म्हणलं, आग वाढली म्हंजी काय करायचं? बंब वाढवायचा! 'हाणा जोरात!' त्यांनी हाणलं जोरात. आग म्हणाल तर अजून वर. तोवर शामियान्याच्या झालरीनं पेट घेतला. म्या म्हणलं, आदी साहेबाला वाचवायला पायजे, फिरवली नळी शामियान्यावर… बास! नुसती झालर पेटली होती, आता सगळी कनातच पेटली! 'बंद करो! अरे बंद करो इसको!' साहेब वरडायलेत, पेशकार कागद घेऊन पळायलाय, अन् हे आठ गडी डोळं मिटून, 'हैय्या… हो!' आग वरडती का गाव वरडतं, त्यांना वाटलं शाबासकीच चाललीय!

शेवटी कोण धावलं? दगडाबाई! 'अगं बायांनो, बघताय काय, आणा घागरी!' चाळीस बायांनी इहिरीपासनं रांग धरली अन् चिलीम वढून व्हायच्या आत आग गार. माणूस कुणी भाजलं न्हाई, मारुतीची किरपा. गेलं काय, तर शामियान्याचं एक अंग, साहेबाच्या टोपीचा गोंडा, अन् विठ्ठलरावाची डाव्या बाजूची मिशी. अन् खरं सांगू? मिशी गेल्याचं मला फारसं वाईट वाटलं न्हाई.

मग नुसता धूर. अन् मी, हातात नळी, नळीतनं टिप… टिप… करडीचं तेल. साहेब आलं. नळीला बोट लावलं, हुंगलं. 'पेट में क्या है इसके?'

'तेल, हुजूर.'

'आग बुझाने के बंब में तेल?'

'हिफाजतीसाठी, हुजूर.'

साहेबांनी बोट रुमालाला पुसलं. मग म्हणलं, 'हमने बहोत बंब देखे. कोई चलता नहीं, कोई गलता है. आग लगानेवाला बंब आज पहली बार देखा.'

माझ्या डोळ्याम्होरं भट्टी उभी ऱ्हायली. म्या बंबाच्या चाकाला मिठी मारली, लाज सोडून सांगतो, पावणं, सगळ्या गावादेखत मारली अन् रडलो. अर्ध्या मिशीचा विठ्ठलराव म्होरं झाला, 'हुजूर, आता पाठवा हैद्राबादला, घाला भट्टीत!' अन् साहेब गर्रकन फिरलं त्याच्यावर. 'भट्टी में? ये? नौ बरस का तेल पिया हुआ? पूरा हैद्राबाद जलाने का इरादा है क्या तुम्हारा?'

घ्या! अर्जी उलटली! साहेबांनी जाता जाता बंबाच्या पितळात बघून तोंडाची काजळी पुसली, गोंडा न्हाई ते बघून उसासा टाकला, अन् म्हणलं, 'मगर चमक… ऐसी हिफाजत हैद्राबाद में भी नहीं देखी.' अन् पेशकाराकडनं हुकूम लिवून घेतला. बंब ह्याच गावात ऱ्हाईल, कायमचा. लोकांनी येऊन बघावा, लांबून. राखणदार रामहरी, हयात असंस्तोवर. अन् बंबापासनं तीस पावलांच्या आत इस्तू न्हाई. आलं का ध्यानात, बिडी कावून इजवायला लावली? अन् तेल म्हणाल तर आता शनवारी सत्तर बाया येत्यात. साहेबाच्या तावडीतनं अन् भट्टीतनं वाचलेला देव म्हणल्यावर काय! चार-पाच सालांत पोट परत तेलानं भरंल. छबुबाई म्हणती, 'आता तरी आडवा त्यांना.' म्या म्हणतो, बघू.

न्हाई, थांबा, एवढं ऐकून जा. बाजार कुठं पळतोय? मागल्या पंधरवड्यात विठ्ठलरावाच्या गोठ्याला आग लागली. भर दुपारी. अन् ह्यो, ज्यानं अर्जी केली त्यो, सोताचा पेटलेला गोठा सोडून, पळत, धापा टाकत, आला कुणाकडं? माझ्याकडं! 'रामहरी, बंब काढ! आदी बंब काढ बे!' माझ्या डोळ्यात पाणी आलं हो. एकोणीस सालांत आग लागल्यावर दुसऱ्यांदा कुणी बंब मागितला, अन् ह्या वक्ताला रंग वाळलेला होता! म्या म्हणलं, 'विठ्ठलराव, आज न्हाई म्हणणार न्हाई!' बैल जुपलं, दगडावरनं चाकं उतरवली, त्यानं मागनं खांदा लावला, अन् निघालो धडाधडा… आगीच्या पार उलट्या अंगाला! कारण हुकमाची शेवटची ओळ तुमाला सांगायची ऱ्हायली. 'गावात आग लागल्यास प्रथम बंब शिवेबाहेर काढावा.'

हिकडं बायांनी घागरींनी गोठा इजवला, दोन वाशांपलीकडं काय गेलं न्हाई. अन् तिकडं आमी दोगं सिरसाळ्याच्या वाटंला, दीड कोसावर, चिंचंखाली, बंब सावलीला लावून बसलो. म्या धूळ पुसली. म्हणलं, 'बघा विठ्ठलराव, एक ठिणगी शिवली न्हाई त्याला. बंबात खोट न्हाई.' त्यानं उरलेल्या मिशीवरनं हात फिरवला.

तवा जावा, गावोगाव सांगा. निजामाच्या अख्ख्या मुलखात, आग लागली रे लागली की सगळ्यात आदी निघणारा बंब आमच्याच गावचा हाय… कुठल्या अंगाला निघतो, तेवढं इचारू नका.